चादर विकली, आता पुढच्या शनिवारी काय द्यायचं?

रस्त्यावर राहणाऱ्यांना जेवण-कपडे देणारी माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. मी देतोय ते वाया जातंय का, आणि थांबलो तर मी वाईट ठरतो का? चर्चच्या गटातून हे काम करणाऱ्यांना तो जरा जास्त बोचतो. तिथे कंटाळा आला तर तो नुसता कंटाळा राहत नाही, आपला विश्वासच कमी पडला असं वाटायला लागतं.

सोलापुरातल्या अशा एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. त्या निवृत्त परिचारिका. आयुष्यभर सगळ्यांनी सिस्टर म्हटलं, मीही तेच म्हणते. त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाच्या काही बायका आणि तरुण संघाची पोरं शनिवारी रात्री स्टेशनबाहेर आणि एसटी स्टँडजवळ खिचडी घेऊन फिरतात. आधी कडक भाकरी न्यायचे. पण निम्म्या म्हाताऱ्यांना दात नाहीत आणि भाकरी भिजायला आमटी पुरत नाही, म्हणून खिचडी.

स्टेशनबाहेर सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ असतात. कधीकाळी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले, मग तेही सुटलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. नाताळाच्या आधी सिस्टरनी त्यांना स्वतःच्या पैशाने नवी सोलापुरी चादर घेऊन दिली. पुढच्या शनिवारी मामा पोत्यावर कुडकुडत बसलेले. चादर गेली होती, तोंडाला वास होता. सिस्टरनी दुसरी दिली. तीही गेली.

माझ्याकडे त्या आल्या त्या झोप येत नाही म्हणून. 'मी पांघरूण अंगावर ओढलं की तो माणूस दिसतो,' म्हणाल्या. शनिवार सोडून इतर दिवशीही त्या एकट्याच रिक्षाने स्टेशनवर जायला लागल्या होत्या. मामांना चहाला पैसे द्यायच्या, मग दिले म्हणून स्वतःवर चिडायच्या, न देता परतल्या तर रात्रभर तळमळायच्या. मुलगा पुण्याहून फोनवर रागवायचा. (इथे वाचकाला वाटेल की सिस्टरच्या घरात कोणीतरी दारूने गेलं असणार. तसं काही नव्हतं. प्रत्येक दुखण्यामागे जुनी जखम असतेच असं नाही.)

झोपेबद्दल बोलता बोलता दुसरीच गोष्ट पुढे आली. महिन्याच्या प्रार्थना सभेत प्रत्येकाने साक्ष द्यायची असते, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कोणी तरी विचारायचंच, 'सिस्टर, तुमचा तो माणूस सुटला का?' प्रार्थनेच्या यादीत मामांचं नाव होतं. मामांची दारू सुटणं ही सिस्टरची परीक्षा होऊन बसली होती आणि दर महिन्याला त्या नापास होत होत्या. मामांना याचा पत्ताच नव्हता.

मी त्यांना विचारलं, 'सिस्टर, वॉर्डात असताना बिडी सोडत नाही म्हणून तुम्ही कुणाचं ड्रेसिंग थांबवलंत का?'

त्या चिडल्या. 'असं कसं थांबवीन? ड्रेसिंग ते ड्रेसिंग.'

मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेशंटशी कधी असा करार केला नव्हता की मी करते, तू सुधार. जखम भरली तर बरं, नाही भरली तर उद्या पुन्हा ड्रेसिंग. रात्रपाळीची सिस्टर आली की तिला चार्ज देऊन, म्हणजे पेशंट तिच्यावर सोपवून, घरी जायचं आणि झोपायचं. स्टेशनवर मात्र चार्ज द्यायला कोणी नव्हतं, पाळी संपत नव्हती आणि करार होता. माझ्या मते थकवा त्या करारातून येतो. गरिबी पाहून माणूस हळहळतो, अस्वस्थही होतो, पण असा मोडत नाही.

मी ख्रिस्ती नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25 वा अध्याय त्यांनीच पुढच्या वेळी मला वाचून दाखवला. भुकेल्याला खायला, तान्हेल्याला प्यायला, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र. वाचता वाचता त्याच थांबल्या आणि म्हणाल्या, 'बघा की, आजाऱ्याचा समाचार घेतला एवढंच आहे. बरा केला असं नाही. बंदिवानाला भेटायला गेले, सोडवून आणला असं नाही.' हे मला सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी माझ्या तोंडून ते पोचलं नसतं.

सिस्टरच्या मनात एक बेत होता. मामांना नातेवाइकाच्या शेतावर नेऊन ठेवायचं, म्हणजे दारू आपोआप तुटेल. मी त्यांना वॉर्डातलाच अनुभव विचारला: रोज पिणारा पेशंट भरती झाला की तिसऱ्या दिवशी काय होतं? 'भिंतीवरचे किडे वेचायला लागतो,' त्या म्हणाल्या आणि बेत तिथेच संपला. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. हे दवाखान्यात, औषधांखालीच करायचं काम आहे. आपल्याकडे 'दोन दिवस कोंडून ठेवा, सुटेल' म्हणणारे भले लोक फार आहेत. त्यांच्यापासून मामा वाचले.

आणखी एक साधी गोष्ट राहून गेली होती. चादरीचं काय झालं हे मामांना कोणी विचारलंच नव्हतं. सिस्टरनी विचारलं. मामा म्हणाले, 'पहिली इकली की मी. हात लई थरथरत होता. दुसरी झोपल्यावर कुणीतरी वढून नेली. पर तुमी इश्वास कुठं ठेवणार, म्हणून बोललो न्हाई.' मग त्यांनी आपणहून मागितलं ते निराळंच होतं. आधार कार्ड आणि गिरणीतला जुना कागद पिशवीत होता, तो भिजू नये, चोरीला जाऊ नये, एवढीच त्यांना काळजी.

त्यानंतर गटाने काही गोष्टी बदलल्या. एकट्याने जायचं नाही, जोडीनेच. फोन नंबर गटाचा द्यायचा, स्वतःचा नाही. रोख पैसे नाहीत. चहा पाजायचा तर बरोबर उभं राहून प्यायचा. मूळ कागद कोणाचेही ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्स काढून प्लास्टिकमध्ये द्यायच्या. फेरी संपल्यावर अर्धा तास चर्चच्या पाळकसाहेबांकडे बसून दोघादोघांनी बोलायचं आणि मग घरी. हा अर्धा तास म्हणजे सिस्टरच्या भाषेत चार्ज देणं. तरुण संघातल्या एका पोराने सुचवलं की कोऱ्या चादरीऐवजी धुतलेल्या, वापरलेल्या द्याव्यात, त्यांना विकायला किंमत नसते, म्हणून त्या माणसापाशी राहतात. सिस्टरना हे आवडलं नाही. मला पटलं. त्यावर अजून वाद आहे.

प्रार्थनेवरूनही एकदा वाद झाला. काही पोरांनी मोबाइल काढून 'धर्मांतर करायला आलात का' म्हणून अडवलं होतं. गटातले काही घाबरले, काही इरेला पेटले. मी एवढंच म्हटलं की ताट हातात येण्याआधी प्रार्थना ठेवली तर भुकेला माणूस नाही म्हणूच शकत नाही, मग त्याच्या हो म्हणण्याला तुमच्या देवापुढे तरी काय किंमत? आता आधी जेवण. कोणी आपणहून म्हणालं तर प्रार्थना. जेवणाऱ्याचा फोटो नाही, नाताळातसुद्धा नाही.

रस्त्यावरचा प्रत्येक जण पिणारा नसतो हेही सांगायला हवं. स्टँडजवळ एक बाई स्वतःशीच बोलत बसायच्या, अंगावर तीन साड्या, मे महिन्यातही. अशा वेळी मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 माहीत असावा. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, मानसिक आजार असावा असं वाटणारी व्यक्ती भटकताना दिसली तर तिला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे, आणि तिला कोठडीत ठेवता येत नाही. बोलायला, विचारायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. तो स्वयंसेवकांनी स्वतःसाठीही वापरावा. मी सिस्टरना तेच सांगितलं.

मे महिन्याचा विषय निघाला म्हणून सांगते. नाताळात स्टेशनवर एकाच रात्री निरनिराळ्या गटांच्या चादरी येऊन पडतात. सोलापूरचा पारा 43-44 वर जातो तेव्हा मात्र कोणी फिरकत नाही, आणि इथला उन्हाळा थंडीपेक्षा कितीतरी वाईट. पायाच्या जखमा चिघळतात, दुपारी पाणी मिळत नाही. सिस्टर यंदा ताक, मीठ-साखरेचं पाणी आणि ड्रेसिंगचं सामान घेऊन जाणार आहेत, रात्रीऐवजी सकाळी, ऊन चढायच्या आत.

मामा अजून पितात. सभेत विचारलं तेव्हा सिस्टरनी तसंच सांगितलं: आले, जेवले, पाय बरा आहे, पितात. त्यांची झोप पूर्ण सुधारली नाही, पण आता आठवड्यातून एखादीच रात्र जागून जाते. दवाखान्यात भरती व्हायचं मामांनी पावसाळ्यानंतर बघू म्हटलंय, तेव्हा बेड विचारून ठेवलाय. सध्या दोघं श्रावणबाळ योजनेच्या अर्जामागे आहेत. 65 वर्षं पूर्ण झालेल्या निराधाराला महिन्याला 1500 रुपये मिळतात. वय बसतं, आधार आहे. अडलंय ते रहिवासी दाखल्यावर, कारण महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो आणि मामांचा पत्ता स्टेशन. गिरणीतला तो जुना कागद त्यासाठी चालेल का, हे विचारायला सिस्टर सोमवारी तहसील कचेरीत जाणार आहेत. जोडीने.