बटण दाबलं की दिवा विझतो!

प्रश्न : आर्डुइनो उनोच्या (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) 2 नंबर पिनला पुश बटण जोडलं आहे, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला (0 व्होल्ट). 8 नंबरवर 220 ओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी. 2 नंबरवर जे वाचलं जातं, तेच प्रोग्रॅम 8 नंबरला देतो. प्रोग्रॅममध्ये 2 नंबर पिन ‘इनपुट’ असताना नुसतं बोट जवळ नेलं तरी एलईडी फडफडायचा. ‘इनपुट_पुलअप’ केल्यावर तो सारखा पेटलेला असतो आणि बटण दाबलं की विझतो. उलटं करायला वाचनाआधी ~ लावलं, तर आता विझतच नाही. तपकीर गल्लीतून आणलेलं बटण खराब निघालं का?
– एक विद्यार्थी, कोथरूड, पुणे

उत्तर : बटण ठणठणीत आहे. बटण सुटलेलं असताना तुमची पिन कशालाच जोडलेली नव्हती, अधांतरी होती. अशी पिन घरातल्या विजेच्या तारांचा हवेतून येणारा गुणगुणाटही पकडते, म्हणून ती फडफड. पुल-अपमुळे चिपच्या आतला 20 ते 50 किलोओहमचा रेझिस्टर पिनला 5 व्होल्टकडे ओढून धरतो. मग सुटलेलं बटण म्हणजे 1. दाबलं की पिन थेट ग्राउंडला जाते, म्हणजे 0. हे उलटं वाटलं तरी चूक नाही. बाहेरून रेझिस्टर लावावा लागत नाही म्हणून बहुतेक जण असंच जोडतात.

गफलत ~ ची आहे. ते चिन्ह आकड्यातला एकूणएक बिट (0 किंवा 1 चा सुटा अंक) उलटवतं. 0 चे होतात -1 आणि 1 चे -2. दोन्ही शून्य नाहीत, म्हणून डिजिटलराइटच्या (पिन चालू-बंद करणारी आज्ञा) लेखी दोन्ही ‘हाय’च, म्हणजे चालू. तुम्हाला हवं आहे उद्गारचिन्ह. ! लावलं की 0 चा 1 आणि 1 चा 0 होतो, बस्स. आमचं मत विचाराल तर हे उलटवणं प्रोग्रॅमभर पसरू नका. वाचतानाच एकदा उलटवून ‘दाबलंय’ अशा अर्थाच्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुढे सगळीकडे तेच वापरा.

! लावल्यावरही एलईडी विझला नाही, तर बटण ब्रेडबोर्डवर (सुटे भाग खोचून जोडायची पट्टी) 90 अंशांनी फिरवून बघा. चार पायांपैकी दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात; वायरी त्याच जोडीला लागल्या तर बटण कायम दाबलेलंच वाटतं. वायरी कर्णाच्या टोकांना लावल्या तर ही भानगडच राहत नाही.

बटण 13 नंबरवर मात्र शक्यतो नेऊ नका. काही आर्डुइनो बोर्डांवर तिथल्या एलईडीमुळे आतला पुल-अप लंगडा पडतो. वायर दोन-तीन मीटर लांब असेल तर बाहेरून 4.7 किलोओहमचा रेझिस्टर 5 व्होल्टला लावा. आणि पुढे दाबण्या मोजायला घ्याल तेव्हा एक दाब तीन-चार मोजला जाईल, कारण बटणातला पत्रा टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो. बदल दिसला की 30 मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचा.