बर डाव्या हातानेही कळते

प्रिय डॉक्टर,

मेसेज वाचला. बुनियनच्या (पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेल्या हाडाच्या) छोट्या छेदातून करायच्या ऑपरेशनच्या नऊ केसेस झाल्या तरी दीड तास लागतो म्हणून खट्टू झाली आहेस. अगं, प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हात बसायला बहुधा २० ते ५० केसेस लागलेल्या दिसतात. घड्याळ भिंतीवरच राहू दे.

ओपनमध्ये, म्हणजे मोठ्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये, हाड डोळ्यांसमोर असतं. इथे जेमतेम छेदातून २ मिमीची बर (हाड कापणारं गोल फिरतं पातं) आत जाते, आणि पलीकडचं कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कठीण कवच) सुटल्याचा झटका डाव्या हाताच्या बोटाला कळावा लागतो. (सी-आर्मचा, म्हणजे ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राचा, शॉट घेताना मात्र हात बाजूला!) बर एकाच दिशेने फिरते, त्यामुळे उजव्या नि डाव्या पावलात तिची ओढ वेगळी लागते. म्हणून वहीत दोन्हींचा हिशेब वेगळा ठेव.

माझ्या सुरुवातीच्या एका केसमध्ये मी वेग वाढवला आणि सलाईन नीट पडतंय का तेही पाहिलं नाही. छेदाची कड भाजून पांढरी पडली. जखम भरायला पाच आठवडे लागले. दर ड्रेसिंगला त्या आजीच मला म्हणायच्या, "होईल हो डॉक्टर." तेव्हापासून वेग कमी, टॉर्क (फिरण्याचा जोर) जास्त, आणि सलाईनची धार थेट बरवर.

शिवाय बर स्वतःच्या जाडीइतकं हाड खाते. मेटाटार्सल (अंगठ्यामागचं पावलातलं लांब हाड) आखूड झालं की भार शेजारच्यावर जातो आणि पेशंट तळवा दुखतो म्हणून परत येते. कापताना बर जराशी बोटांकडे आणि तळव्याकडे झुकव.

खरा वेळ जातो तो कापलेले तुकडे जोडणाऱ्या पहिल्या स्क्रूत. गाइडवायर (स्क्रूला वाट दाखवणारी बारीक तार) हाडाच्या मागच्या तुकड्याच्या बाहेरच्या कॉर्टेक्समधून निघून मगच सरकवलेल्या डोक्यात, म्हणजे हाडाच्या बोटाकडच्या गोल टोकात, शिरली पाहिजे. एकदा मी ती सहा वेळा काढून घातली होती. हल्ली कापण्याआधीच मागच्या तुकड्यात बसवून ठेवतो.

पेशंट 'बिनटाक्याचं ऑपरेशन' मागत येतात. गरज पडली तर छेद मोठा करावा लागेल, हे आधीच सांगून संमतीपत्रात लिहून घे. फार वाकडे अंगठे सध्या माझ्याकडे पाठव, त्यात कमीपणा नाही.

पुढच्या केसचे एक्स-रे पाठव. उभं करून काढलेले! मागच्या वेळचे झोपवून काढलेले होते.

तुझा,
सर