वाचक विचारतात : पिकअपमागे कोणता ट्रेलर जोडावा?

प्रश्न : आमच्याकडे क्रू कॅबचा फोर्ड एफ-१५० आहे. माहितीपत्रकात टोइंग क्षमता, म्हणजे मागे ओढता येणारं वजन, ११,००० पौंड दिली आहे. विक्रेत्याने ३० फुटी, बंक (एकावर एक झोपायच्या जागा) असलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, दाखवला. त्याचं कोरडं वजन ५,२०० पौंड आहे, म्हणजे क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी, असं तो सांगतो. आम्ही दोघं आणि दोन मुलं. उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबाही येतील. ट्रेलर घ्यावा का? — एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : या ट्रकसाठी हा ट्रेलर घेऊ नका. विक्रेत्याचा आकडा खोटा नाही, पण तुमचा निर्णय त्या आकड्यावर ठरत नाही.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचा स्टिकर असतो. प्रवासी आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. तोच तुमच्या ट्रकचा पेलोड. माहितीपत्रकातला आकडा धरू नका. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांमध्ये पेलोड शेकडो पौंडांनी वेगळा असतो. फोर बाय फोर, काचेचं मोठं छत, विजेच्या सीट अशी प्रत्येक सोय त्यातूनच वजा होते. टोइंग क्षमता मात्र ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची फक्त दोन माणसं धरून काढलेली असते.

समजा, तुमच्या स्टिकरवर १,४८० पौंड आहेत. चार माणसांचे ५६० गेले, उरले ९२०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (ट्रेलर जोडायचा, भार चाकांवर वाटून देणारा सांधा) सुमारे ९०, मागच्या हौद्यावरच्या झाकणाचे ६०, सायकली, कूलर आणि लाकडं मिळून १५०. आता ६२० राहिले. ट्रेलरचा जो भार हिचवर पडतो, म्हणजे टंग वेट, तो या ६२० मध्ये बसला पाहिजे. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. हिशेबाला १३ टक्के धरा. ६२० ला ०.१३ ने भागलं की ४,७७० पौंड येतात. तुमचा ट्रेलर पूर्ण भरून एवढाच हवा. आई-बाबा बसले की आणखी २८० पौंड जातात, उरतात ३४०, आणि ट्रेलर २,६०० पौंडांवर येतो. शिवाय ट्रकमध्ये सहा सीटबेल्ट आहेत का, तेही पाहा. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवण्याबाबत राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत, पण कायदा काहीही असो, तिथे कुणालाही बसवू नका. आत सीटबेल्ट नसतात.

आता दाखवलेला ट्रेलर तपासा. कोरडं वजन म्हणजे पाणी, सामान आणि बहुधा बॅटरीही न धरता काढलेलं वजन. चाळीस गॅलन पाणी ३३० पौंडांच्या वर जातं. वीस पौंडी प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या जवळजवळ ७५ पौंड. भांडी, कपडे, अंथरुणं, खुर्च्या, किराणा यांचे हजारभर पौंड सहज होतात. म्हणून खरेदीच्या वेळी ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल वजन, जीव्हीडब्ल्यूआर, हेच त्याचं वजन समजा. या आकाराच्या ट्रेलरवर ते बहुधा ७,००० च्या आसपास असतं, आणि त्याचे १३ टक्के म्हणजे ९१० पौंड. तुमच्याकडे ६२० आहेत. यात मधला मार्ग नाही.

मग दोन पर्याय उरतात. एक, ४,५०० ते ४,७०० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा, २० ते २३ फुटी ट्रेलर घ्या, आणि आई-बाबा आले की त्यांच्यासाठी दुसरी गाडी सोबत न्या. दोन, मोठाच ट्रेलर हवा असेल तर आधी ट्रक बदला. पाऊण टनी वर्गातला, म्हणजे एफ-१५० पेक्षा एक पायरी वरचा, पेट्रोल इंजिनाचा ट्रक पाहा. त्याच वर्गात डिझेल घेतलं तर ओढायची ताकद वाढते, पण जड इंजिनामुळे पेलोड कमी होतो. तिथेही दारावरचा स्टिकर वाचल्याशिवाय सही करू नका.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने पेलोड वाढतो, असा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. त्याचे स्प्रिंग बार मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात, म्हणून स्टिअरिंग हलकं पडत नाही. ते नीट बसलंय का हे पाहायला टेप पुरते. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा, जोडून बार न लावता मोजा आणि बार लावून पुन्हा मोजा. पुढचा भाग जितका उचलला गेला, त्याचा किमान अर्धा परत खाली यायला हवा. नेमकं प्रमाण ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच पाळा.

प्रश्न : महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की आमचा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. वजन मर्यादेत आहे. मग चुकतं कुठे? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बैलगाडी मागे जड भरली की उलार होते, जू मानेवरून उचललं जातं. तुमचा ट्रेलर बहुधा उलार झालेला आहे. मागच्या बंपरवरच्या सायकली, मागच्या कपाटातलं जड सामान, किंवा ॲक्सलच्या मागे असलेली भरलेली पाण्याची टाकी यांमुळे टंग वेट १० टक्क्यांच्या खाली जातं. जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे, खाली जमिनीलगत ठेवा. हिचचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा, फार उंच असेल तर ट्रेलरचं नाक वर राहतं, त्यानेही झुलणं वाढतं. ट्रेलर सपाट किंवा नाक जरासं खाली असा हवा. मग टायरची हवा पाहा.

अंदाजावर राहू नका, वजन करा. महामार्गांलगतच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्या तोलायच्या काट्यावर) प्रत्येक ॲक्सलचा वेगळा आकडा मिळतो. स्प्रिंग बार न लावता जोडलेल्या ट्रकच्या दोन ॲक्सलांची बेरीज करा, त्यातून एकट्या ट्रकचं वजन वजा करा. उरतं ते खरं टंग वेट.

झुलणं सुरू झालंच तर ट्रकचा ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रकमध्ये बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायच्या यंत्राचा) हातानं दाबायचा लिव्हर हळूच दाबा. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. हा लिव्हर न बघता हाताला सापडला पाहिजे. निघण्याआधी सराव करा. त्याच वेळी ब्रेकचा जोरही ठरवा : मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांनी जाताना लिव्हर पूर्ण दाबा, ट्रेलरची चाकं घसरायला लागेपर्यंत जोर वाढवा, मग थोडा कमी करा.

प्रश्न : वापरलेला ट्रेलर घेताना आधी काय पाहावं? — एक वाचक, कॅल्गरी

उत्तर : पाणी कुठे मुरलंय ते. छताचे कोपरे, खिडक्यांखालची भिंत, कपाटांच्या आतले कोने हाताने दाबून पाहा. मऊ लागलं किंवा बाहेरच्या पत्र्याला फुगा आला असेल तर आतलं लाकूड कुजलेलं आहे आणि दुरुस्ती बहुधा परवडत नाही. न्हाणीपाशी आणि दाराच्या आत जमिनीवर पाय दाबून चाला. मग टायर पाहा : टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी नवीन दिसली तरी सहा वर्षांहून जुने टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.