१९ वर्षांची खुर्ची सुटता सुटत नाही

प्रश्न: ताई नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते, वय ४४. क्लॉथ मार्केटमधल्या एका होलसेल दुकानात १९ वर्षं अकाउंट्स बघतेय. आता विजयनगरच्या एका सीएच्या ऑफिसमधून ऑफर आलीय, पगार दीडपट, पण तिथे तीस-चाळीस पार्ट्यांचं काम, सगळी पंचवीस-तिशीची मुलं, मीटिंगमध्ये इंग्लिश फाडतात. इकडे सेठचा मुलगा म्हणतोय की पुढे सगळा हिशेब बाहेर देऊन टाकू. तरी माझा पाय निघत नाही. सासूबाईंच्या ऑपरेशनला सेठनी न मागता पैसे दिले होते, त्यांना सोडून कशी जाऊ? दोन महिने झाले, रोज उद्या सांगते म्हणते. हिंमत कुठून आणू?
- एक वाचक

उत्तर: अगं, आधी ते सेठचं बाजूला ठेवू. पैसे दिले, मोठं मन आहे त्यांचं, पण ते तू पगारातून फेडलेस ना? मग उपकाराची आठवण ठेव, दिवाळीला मिठाई घेऊन जा, त्यासाठी रिटायर होईपर्यंत त्याच खुर्चीत बसायची गरज नाही. मला तर वाटतं सेठचं कारण तू पुढे केलंयस आणि खरी भीती त्या पोरांची आहे, की आपण काहीतरी विचारू आणि ती एकमेकांकडे बघून हसतील. हो ना?

आता मला सांग, १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला तेव्हा तू कुठे होतीस? त्याच दुकानात. तोपर्यंत कपड्यावर इकडे टॅक्सची सवयच नव्हती, मार्केटमध्ये संप झाले, पोर्टल अडकायचं, सीएलाही धड माहीत नसायचं. तेव्हा तू एचएसएन कोड (मालाचे ते नंबर) शिकलीस, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) जुळवलंस, ई-वे बिल (माल पाठवतानाचा ऑनलाइन कागद) आलं तेही शिकलीस, आणि कोणी विचारलं नाही की ताई हिंमत आहे का, काम समोर आलं म्हणून केलंस. हिंमत वगैरे मागाहून आली असेल. त्या पोरांपैकी निम्मी तेव्हा शाळेत होती गं.

आणि एक, रागावू नकोस. आपल्या इंदुरी मराठी लोकांचं मला हसू येतं, पूर्वज दख्खनहून घोड्यावर नर्मदा ओलांडून आले, १८१८ साली होळकरांनी अख्खी राजधानी महेश्वरहून इथे आणली, आणि आपण राजवाड्याहून विजयनगरला जायचं तर परदेशी निघाल्यासारखा चेहरा करतो (मी पण त्यातलीच).

मी एकदा नोकरी बदलून बडोद्याला गेले होते. नाही जमलं. आठ महिन्यांत परत आले, लोक चार दिवस बोलले मग त्यांना दुसरा विषय मिळाला, नुकसान म्हणजे ट्रकमध्ये डायनिंग टेबलचा पाय मोडला तेवढंच. म्हणून बदल केला की चांगलंच होतं असं मी काही सांगणार नाही. पण तुझ्या बाबतीत थांबणंही सेफ नाहीये, सेठचा मुलगा बोललाय ते कान उघडे ठेवून ऐक, उद्या त्याने हिशेब बाहेर दिला तर ही ऑफर तोपर्यंत थांबलेली नसेल.

तर असं कर. सीएना सरळ सांग की मला या महिन्यात ११ ते २० च्या मधे तीन-चार संध्याकाळी येऊन बसू द्या. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न जातं, २० ला ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, म्हणजे खरी मारामारी तेव्हाच असते, ऑफिस कसं आहे ते तिथेच दिसेल, कोण कोणावर ओरडतं, चुकलं तर काय होतं. इंग्लिशचं पण कळेल, माझा अंदाज आहे की ट्रायल बॅलन्स (जमा-नावेची बेरीज) जुळेना की सगळे हिंदीतच येतात.

राजीनामा मात्र नुसता तोंडी देऊ नकोस, लेखी दे. आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, ती बघ, दुकानात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि तुझी पाच वर्षं भरली असतील (तुझी तर १९!) तर तो तुझा हक्क आहे: शेवटचा महिन्याचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २० हजार धरले तर साधारण २ लाख १९ हजार होतात. इतक्या वर्षांत लोकांचा हिशेब केलास, हा स्वतःचा करून ठेव, सेठशी बोलायच्या आधी. पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नवीन ठिकाणी तोच द्यायचा.

२० तारीख होऊन जाऊ दे, मग मला लिही काय ठरलं ते.