पेटंटवर नाव नाही आणि समोर सहीसाठी कागद

प्रश्न : मी मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या संशोधन विभागात इंजिनिअर आहे. नॅनोमीटरच्या पातळीवरची हालचाल मोजणारा एक कपॅसिटिव्ह सेन्सर मी तिथे तयार केला. कंपनीने दोन वर्षांपूर्वी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सहा महिन्यांपूर्वी तो पेटंट जर्नलमध्ये छापून आला, तेव्हा कळलं की संशोधक म्हणून विभागप्रमुखांचं आणि एका सहकाऱ्याचं नाव आहे, माझं नाही. दरम्यान, हा सेन्सर वापरून अतिशय दाट डेटा साठवणारं उपकरण करता येईल असं मला सुचलं. आठ महिन्यांपूर्वी, ऑफिसच्या परवानगीने, एका परिषदेत मी पोस्टर लावलं. त्यात एका चौकटीत ही कल्पना होती. त्यानंतर घरी, स्वतःच्या पैशाने सुटे भाग आणून, कंगव्याच्या दात्यांसारख्या पट्ट्यांची एक वेगळी रचना मी जमवली. आता मी राजीनामा दिला आहे. एचआरने असाइनमेंटचा, म्हणजे शोधाचे हक्क कंपनीच्या नावे करून देण्याचा, कागद पाठवलाय आणि सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही असं मेलवर कळवलंय. परदेशातला एक गुंतवणूकदार म्हणतो, उद्याच अमेरिकेत अर्ज टाकू. मी काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्राला जोडलेले तिन्ही कागद वाचले: नेमणूकपत्र, जर्नलमधला अर्ज आणि एचआरचा मसुदा. तुमच्यावर अन्याय झाला आहे असं मलाही वाटतं. पण रागाच्या भरात एक सही किंवा एक अर्ज चुकीच्या जागी गेला, तर जे आज तुमचं आहे तेही हातचं जाईल. म्हणून आधी तातडीचं सांगतो. एचआरचा कागद आहे तसा सही करू नका, आणि अमेरिकेत उद्या काहीही टाकू नका.

नेमणूकपत्रात वाक्य असं आहे : नोकरीत लावलेले शोध कंपनीने मागणी केल्यास तिच्या नावे ‘करून देईन’. नव्या मसुद्यात आहे : कामाच्या वेळेत किंवा बाहेर, एकटीने किंवा इतरांसह केलेले सर्व शोध, कल्पना आणि सुधारणा ‘याद्वारे कायमस्वरूपी करून देत आहे’. पहिलं वचन आहे, दुसरं प्रत्यक्ष हस्तांतर. हा शब्दच्छल वाटेल, पण अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश ही औषध कंपनी यांच्यातला मोठा वाद नेमका यावरच फिरला. संशोधकाने विद्यापीठाला ‘देण्याचं कबूल करतो’ असं लिहून दिलं होतं आणि नंतर एका कंपनीला ‘याद्वारे देत आहे’ असं. नंतरचा कागद वरचढ ठरला, आणि २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही स्टॅनफर्डची बाजू टिकली नाही. आपल्याकडे पेटंट कायदा, १९७० च्या कलम ६८ नुसार पेटंटचं असाइनमेंट लेखी हवं, सगळ्या अटींसह हवं आणि रीतसर सही केलेलं हवं. तुमची सही पडली की हे ‘लेखी’ कंपनीच्या हातात येतं, आणि ‘कामाच्या वेळेबाहेर’ या दोन शब्दांतून तुमचं घरचं कामही त्यात ओढलं जातं.

सही दबावाखाली झाली असं नंतर म्हणता येतं. करार कायद्यात अनुचित प्रभावाखालचा करार रद्द करून घेण्याची सोय आहे. पण तो पुरावा देत वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात कुठलाही गुंतवणूकदार थांबत नाही. रिलीव्हिंग लेटर अडवल्याचा तो मेल मात्र जपून ठेवा.

आता मूळ गोष्ट. तुमच्या पत्रात ‘नाव’ आणि ‘मालकी’ हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कायद्यात ते वेगळे आहेत.

नावाचा प्रश्न कलम २८ खाली येतो. संशोधक म्हणून नाव लागल्याने पेटंटवर कुठलाही हक्क मिळत नाही आणि असलेला कमीही होत नाही, असं ते कलमच सांगतं. त्यामुळे कंपनी मालक असली तरी तुमचं नाव लागू शकतं आणि लागायलाच हवं. कसोटी अशी, की अर्जातल्या क्लेममध्ये, म्हणजे हक्काच्या मागणीत, जी नवी गोष्ट मागितली आहे ती कोणाला सुचली? विभाग कोण चालवत होतं, बजेट कोणी मंजूर केलं, सोल्डरिंग कोणी केलं, याचा इथे संबंध नाही. तुमच्या सेन्सरचं तत्त्व जुनंच आहे. दोन स्थिर पट्ट्यांमध्ये तिसरी हलते. एका बाजूचं अंतर घटतं, दुसऱ्या बाजूचं वाढतं. एक कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, चढते, दुसरी उतरते. फरक मोजला की तापमानामुळे दोन्हीकडे सारखाच झालेला बदल वजा होऊन जातो. नवं काय आहे? मधल्या पट्टीभोवतीचं संरक्षक कडं दोन तुकड्यांत तोडायची युक्ती. ती तुमच्या लॅब नोटबुकच्या पान ४१ वर, तारखेसह, सहकाऱ्याच्या सहीसह आहे असं तुम्ही लिहिता. छापलेल्या अर्जाचा पहिला क्लेम मी काढून बघितला. त्यात तेच तुटलेलं कडं आहे.

एवढा सरळ पुरावा असताना वेळ घालवू नका, कारण कलम २८ खालचा दावा पेटंट मंजूर होण्याआधीच करावा लागतो. तो फॉर्म ८ वर होतो. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक टाकून आजच स्थिती बघा. परीक्षण अहवाल निघाला असेल तर हातात फार दिवस नाहीत असं समजा.

एक काळजी घ्या. नोटबुक कंपनीची आहे. ती घरी आणू नका, तिचे फोटो काढून कोणाला पाठवू नका. चोरीचा आणि गोपनीयता मोडल्याचा आरोप अंगावर येईल आणि चांगली बाजू दुबळी होईल. त्याऐवजी लेखी कळवा, की अमुक क्रमांकाच्या नोटबुकचं पान ४१ या वादात पुरावा आहे, ते जपून ठेवावं. मग ती ‘सापडत नाही’ असं म्हणणं कंपनीला महागात जातं.

मालकीचा प्रश्न अवघड आहे, आणि इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या लिखाणाचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा, असं स्पष्ट लिहिलंय. पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधाबद्दल तसं कलमच नाही. जर्मनीत यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. शोध कंपनीने घेतला तर संशोधकाला मोबदला द्यावा लागतो. आपल्याकडे सगळा भार करारावर आणि नोकरीच्या स्वरूपावर पडतो. म्हणून तुमच्या कामाचे तारखेनुसार तीन थर पाडा.

पहिला थर सेन्सर. तो तुमच्या पगारी कामाचा भाग होता, कंपनीच्या लॅबमध्ये झाला, आणि नेमणूकपत्रातलं वचन त्याला लागू आहे. तुम्ही सही दिलेली नाही म्हणून कंपनीचा हक्क आज कागदावर अपुरा आहे हे खरं; पण मालकीसाठी इथे भांडू नका. कोर्ट ते वचन पाळायला लावू शकतं. या सहीचा उपयोग नाव लावून घेण्यासाठी करा.

दुसरा थर, पोस्टरवरची कल्पना. इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. पोस्टरवर कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह होतं, परवानगी ऑफिसची होती. उद्या कंपनीचा वकील तेच पोस्टर कोर्टात उलगडून विचारेल, की हे जर तुमचं खासगी काम होतं तर आमच्या नावाखाली का लावलंत? याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

शिवाय ती कल्पना आता सार्वजनिक झाली आहे. आपल्या कायद्यात कलम ३१ ची बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे : केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला वा तिच्या कामकाजात छापलेला निबंध. परिषदेतलं पोस्टर म्हणजे ‘वाचलेला निबंध’ का, यावर मी तुमचं पेटंट पणाला लावणार नाही. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटनासाठी एक वर्ष मिळतं. युरोपात अशा पोस्टरला माफी नाही.

तुमच्याच क्षेत्रातलं एक उदाहरण सांगतो. हार्ड डिस्कचं वाचन-शीर्ष आणि चुंबकीय सेन्सर दोन्ही ज्या परिणामावर उभे राहिले, तो जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकीय क्षेत्रामुळे पातळ थरांचा विद्युतरोध खूप बदलणं) १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबेर्ग यांच्या गटांना स्वतंत्रपणे सापडला. २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. पण ग्रुनबेर्ग यांनी शोधनिबंध छापून येण्याआधी पेटंटचा अर्ज करवून घेतला होता, आणि परवान्यांचं उत्पन्न त्यांच्या युलिशच्या संस्थेकडे गेलं. तुमच्या पोस्टरच्या आधी एक प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज टाकला असता तर आज हा परिच्छेद मला लिहावा लागला नसता. खासगी व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची फी फक्त १,६०० रुपये आहे.

तिसरा थर, दात्यांची रचना. तुमचं बळ इथे आहे. पोस्टरनंतरची, घरची, स्वतःच्या साहित्यावरची, आणि डेटा साठवण हा कंपनीचा धंदा नाही. १९७७ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने इलेक्ट्रोलक्स विरुद्ध हडसन या खटल्यात, कंपनीच्या एका भांडारपालाने घरी लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या जोडणीवर कंपनीचा दावा नाकारला, कारण करारातलं कलम अवाजवी व्यापक होतं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, आणि तुम्ही भांडारपाल नाही, संशोधन करायलाच ठेवलेल्या इंजिनिअर आहात; हा फरक समोरची बाजू ठासून मांडेल. तरीही सुट्या भागांची तारीखवार बिलं, घरच्या संगणकावरच्या फाइल्स, रात्री केलेल्या चाचण्यांच्या नोंदी असतील तर मी ही बाजू आनंदाने लढेन. डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून त्या संगणकाला हात लावू नका, फॉरमॅट करू नका, विकू नका.

या तिसऱ्या थराचा अर्ज लिहितानाही एक खड्डा आहे. तुमच्या पत्रात वाक्य आहे : ‘त्याच सेन्सरचा डेटा साठवणुकीसाठी नवा उपयोग’. हे वाक्य अर्जात आलं तर कलम ३(ड) पुढे उभं राहील : माहीत असलेल्या यंत्राचा केवळ नवा वापर हा शोध मानला जात नाही. आणि कंपनीचा अर्ज सहा महिन्यांपूर्वी छापला गेल्यामुळे तुमचा स्वतःचाच पहिला सेन्सर आता तुमच्याविरुद्ध ‘आधीचं ज्ञान’ म्हणून येईल. परीक्षक तेवढ्यावर थांबणार नाही. सूक्ष्म टोकांनी पॉलिमरवर खड्डे पाडून डेटा लिहिण्याचं आयबीएमच्या झ्युरिक प्रयोगशाळेचं ‘मिलिपीड’ त्याला माहीत असेल. साध्या डिजिटल कॅलिपरच्या पट्टीतही कपॅसिटिव्ह दाते असतात, हेही तो दाखवेल. तेव्हा क्लेम वापरावर नको, रचनेवर हवा. तुमच्या रेखाटनात रुंद दाते ढोबळ जागा सांगतात आणि अरुंद दाते बारीक, आणि दोन्ही एकाच सरकत्या मंचाखाली अशा कोनात बसवलेत की मंच किंचित फिरला तरी चूक कळते. तो कोन का निवडला, त्याने काय साधलं, मोजून किती फरक पडला, हे आकड्यांसह लिहा. दुरुस्तीचं गणित क्लेममध्ये सुटं टाकू नका. कलम ३(के) खाली अल्गोरिदम नाकारले जातात.

गुंतवणूकदाराला सांगा, की भारतात राहणाऱ्या व्यक्तीला कलम ३९ नुसार परवानगीशिवाय परदेशात आधी अर्ज करता येत नाही. एक तर फॉर्म २५ वर परवानगी घ्यायची, तिचा निर्णय सहसा २१ दिवसांत होतो. किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. इतक्या अचूक मोजमापाच्या उपकरणात संरक्षणखात्याचा संबंध निघाला तर केंद्र सरकारची संमतीही लागते. हे मोडलं तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो, आणि शिक्षेचीही तरतूद आहे. मी दुसरा मार्ग घेईन : याच आठवड्यात दात्यांच्या रचनेचा प्रोव्हिजनल अर्ज, बारा महिन्यांत पूर्ण तपशील, आणि त्याच बारा महिन्यांत परदेशी अर्ज. अर्जदार महिला असल्यामुळे तुम्हाला जलद परीक्षणही मागता येईल. नेमणूकपत्रातलं वचन गुंतवणूकदारापासून लपवू नका. त्याच्या वकिलाला ते सापडेलच.

एचआरला आज पाठवायचा मेल असा लिहा : ‘आपला मसुदा मिळाला. अर्ज क्रमांक अमुकमधील सेन्सरपुरतं असाइनमेंट करून देण्यास मी तयार आहे, त्या अर्जात संशोधक म्हणून माझं नाव घालण्यास कंपनीने लेखी संमती दिल्यानंतर. इतर कुठल्याही शोधाबद्दलची कलमं वगळून सुधारित मसुदा पाठवावा. लॅब नोटबुकचं पान ४१ जतन करावं. रिलीव्हिंग लेटरचा या विषयाशी संबंध जोडू नये.’ खाली तारीख घाला, एक प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. आणि फॉर्म ८ साठी त्यांच्या उत्तराची वाट बघू नका. तो मेलसोबतच तयार करायला घ्या.