लांब पल्ला आणि सायकलची सीट

प्रश्न : दर रविवारी कोल्हापूरहून पन्हाळ्याला सायकलने जाते. अर्ध्या वाटेतच मांड्यांच्या मध्ये मुंग्या येतात. जेलचं कव्हर घातल्यावर त्रास वाढला. सीट बदलू का?

उत्तर : आधी ते कव्हर काढा. मऊ जेलमध्ये बसण्याची हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. मग सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, बघा. वर उचललेलं असेल तर लेव्हल लावून सपाट करा, चढावर तेच जास्त टोचतं. टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. सीट त्याहून उंच असेल तर कंबर डुलते, कातडी सोलवटते.

तरीही मुंग्या आल्या तर सीट बदलाच. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून पुढे वाकून बसा. उमटलेल्या दोन खड्ड्यांच्या मध्यांतलं अंतर अधिक साधारण २० मिमी, एवढी रुंदी हवी. मधे खाच असलेली घ्या. सायकलिंगच्या पॅडवाल्या चड्डीखाली दुसरी चड्डी मात्र नको, तिची शिवणच घासते.