सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिक परवान्याचं) ट्रेनिंग, उड्डाणाचे ७० तास झालेत, फोन अँड्रॉइड: लॉगबुकचं (उड्डाणांच्या नोंदवहीचं) कोणतं ॲप घ्यावं?

आधी फोन बघा. लॉगटेन हे ॲप दिसायला देखणं आहे, पण ते फक्त ॲपलवर चालतं, म्हणजे तुमच्यापुरता विषय संपला. मायफ्लाइटबुक फुकट आहे आणि अँड्रॉइडवर चालतं. सध्या तेवढं पुरे.

खरी गोम रात्रीच्या तासांत आहे. आपल्याकडे रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत. अमेरिकेत रात्रीचे तास संधिप्रकाश संपल्यावर मोजायला घेतात. ॲपमधलं हे सेटिंग चुकलं तर रात्रीच्या उड्डाणात काही मिनिटं इकडची तिकडे होतात आणि परवान्यासाठी लागणाऱ्या ५ तासांच्या नाइट पीआयसीचा (रात्री मुख्य वैमानिक म्हणून केलेल्या उड्डाणाचा) हिशेब वहीशी जुळत नाही. घड्याळाचंही तसंच: यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की तिच्या साडेपाच तास पुढची भारतीय वेळ, एकदाच ठरवा, मध्येच बदलू नका.

डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था; तिच्यासाठी तिच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरचं लॉगबुक भरावंच लागतं. ॲप कितीही भारी असलं तरी ते त्याला पर्याय नाही. कागदी वहीही टाकू नका, इन्स्ट्रक्टरची सही तिथेच असते.

सीएसव्ही एक्स्पोर्ट (सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढायची सोय) आहे का, ते मात्र बघूनच ॲप घ्या. ॲप बंद पडलं तर २०० तास परत टाइप करत बसायला कोणाला वेळ आहे? मी महिन्याच्या एक तारखेला फाइल स्वतःलाच मेल करतो.